चढावर तब्येतीचं बोलायचं नाही

"दिगंबरराव, जरा पाय उचला. तुमच्या मागे चालायचं म्हणजे वरातीच्या मागे अडकल्यासारखं झालंय. नवरदेव दिसत नाही आणि वाटही सुटत नाही."

सुहासिनीबाईंनी टोमणा पुढे फेकला आणि उलट माराची वाट पाहिली. तो आला नाही.

त्यांना समोर दिगंबररावांची पाठ तेवढी दिसत होती. फिकट निळा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत ओला होऊन अंगाला चिकटलेला. ऊन अजून कोवळं होतं, धारेवर वारा होता, आणि हा माणूस आषाढात भिजल्यासारखा भिजला होता.

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी चढायला सुरुवात करून सिंहगडाच्या दिशेने जाणाऱ्या डोंगररांगेवर तिघं चालले होते. इथे टेकडी संपली म्हणून हुश्श करावं, तर पुढची त्याहून उभी. उजव्या हाताला खाली धुरकट पुणं, डाव्या हाताला शिवापूरकडचं खोरं आणि मधे धारेवरची वाट, काही ठिकाणी एका माणसापुरतीच. होळी नुकतीच होऊन गेली होती. वाळलेलं गवत पायाखाली सटकत होतं. उतारावर निष्पर्ण पळस केशरी पेटले होते, गणेरीच्या वाकड्या काटक्यांवर वाटीएवढी पिवळी फुलं बसली होती, आणि करवंदीच्या जाळ्यांतून असा गोड वास येत होता की कुणीतरी नुकतंच न्हाऊन पुढे गेलंय असं वाटावं. दर फाल्गुनात एका रविवारी त्यांची डोंगर चढणारी मंडळी या फुलांसाठीच ही वाट चालायची. यंदा कुणाचं लग्नकार्य, कुणाच्या नातवाची परीक्षा असं करत तिघंच उरले होते: सुहासिनीबाई, दिगंबरराव आणि उत्कर्षा. उत्कर्षा म्हणजे सुहासिनीबाईंची भाडेकरू, मूळची यवतमाळची, नोकरीला खराडीत. ती पहिल्यांदाच आली होती आणि प्रत्येक पळसापाशी थांबून फोटो काढत होती.

"आमच्याकडे ही फुलं उकळून रंग करतात, काकू. धुळवडीला. हात चार दिवस पिवळे राहतात."

"छान," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष निळ्या शर्टाकडे होतं. त्यांनी पुन्हा एक दगड टाकून पाहिला. "दिगंबरराव, ही यवतमाळची मुलगी म्हणतेय, पुण्याचे म्हातारे फार बोलतात असं ऐकलं होतं. खोटं पाडताय का तिला?"

दिगंबरराव थांबले. वळले. चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ हलले आणि ते म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात."

सुहासिनीबाई होत्या तिथेच थांबल्या.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभी हयात काढलेला हा माणूस. कुणी "सुप्रभात" म्हटलं तर "त्यात तुमचं कर्तृत्व काय?" असं विचारणारा. मागच्याच रविवारी सुहासिनीबाईंनी नवी टोपी घातली होती, तेव्हा म्हणाला होता, "छान आहे. कावळे नाही बसायचे." आणि आज हा म्हणतो, बरं झालं तुम्ही आलात.

काहीतरी भयंकर बिनसलं होतं. आणि विचारायची सोय नव्हती, कारण न विचारण्याचा नियम खुद्द सुहासिनीबाईंचा होता.

सुहासिनीबाईंनी नोकरी केली ती एका कचेरीत, पाण्याच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर. सकाळी खिडकी उघडली की रांग. पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, गढूळ नसेल तर शेजाऱ्याला जास्त येतं. जाळीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "पुढचे!" आणि भलेभले गप्प होऊन पुढे सरकायचे. दिगंबररावांची ओळख तिथलीच. त्यांनी धनकवडीत घर बांधलं आणि पाण्यासाठी खेटे घातले. दोघं जाळीच्या दोन बाजूंनी इतकी वर्षं भांडले की निवृत्तीनंतर पर्वतीच्या पायऱ्यांवर अचानक भेटले तेव्हा नातलग भेटल्यासारखं झालं.

मग सुहासिनीबाईंचे यजमान आजारी पडले. दीड-दोन वर्षं चाललेलं दुखणं. भेटायला येणारा प्रत्येक जण पलंगाच्या कडेला बसायचा आणि रिपोर्ट मागायचा. मग स्वतःचे सांगायचा. रक्तदाब, साखर, कुणाच्या मेहुण्याचं पित्ताशय. बाईसुद्धा त्यातच बुडाल्या. ताप किती, लघवी किती, पोट साफ झालं का. ते गेल्यावर एके दिवशी त्या आठवू लागल्या की शेवटच्या महिन्यांत आपण दोघं काय बोललो, आणि ताप-लघवी-पोट यापलीकडे एकही वाक्य आठवेना. एक जन्म एकत्र काढून शेवटी हाती काय, तर तापाचे आकडे.

म्हणून रविवारची मंडळी जमली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चढावर तब्येतीचं बोलायचं नाही. विचारायचं नाही, सांगायचं नाही. ज्याला गुडघा आठवतो त्याने तो घरी ठेवून यावं." सगळ्यांना ते भलतंच आवडलं. घरी मुलंसुना दिवसभर तेच विचारत. इथे गाणी, राजकारण, कुणाचं पन्हं पाणचट, यावर बोलायला मोकळं रान. सगळ्यात जास्त खूश झाले होते दिगंबरराव.

आता तेच दिगंबरराव वाटेवरच्या दगडावर बसले. बसले म्हणजे कोसळता कोसळता दगड आडवा आला.

"काकू," उत्कर्षा कानाशी आली, "काका ठीक नाही वाटत मला."

"मलाही."

"मग विचारा ना!"

"आम्ही विचारत नाही."

"म्हणजे?"

"नियम आहे."

"हे काय लॉजिक आहे, काकू? माणूस घामानं भिजून राहिलाय!"

लॉजिक नव्हतंच. सुहासिनीबाई दिगंबररावांसमोर वाकल्या आणि इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला, तोही रागावल्यासारखा. "काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही," दिगंबरराव म्हणाले. शब्द जड, अडखळलेले. "आज संकष्टी आहे."

तेवढंच. सकाळी बोगद्यापाशी बाईंनी दशमी पुढे केली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि हात मागे घेतला होता. उपास ते वर्षानुवर्षं करत. उपासाने माणूस असा होत नाही.

"छातीत दुखतंय?"

"हूटर झाला," दिगंबरराव म्हणाले.

"काय?"

"कारखान्याचा हूटर झाला. दुसरी पाळी." आणि ते उठले. चांगले ताडकन उठले, आणि वाट सोडून डाव्या हाताच्या उताराला लागले.

तो उतार म्हणजे सुटा मुरूम. पाय ठेवला की खालचं सगळं सरकतं असा. थोडं खाली एक पळस तिरका उगवलेला, आणि पळसाच्या पलीकडे कडाच. दिगंबरराव फेकल्यासारखी पावलं टाकत निघाले होते. प्रत्येक पावलाला खड्यांचा लोंढा घरंगळत जाई, पळसापाशी जाऊन दिसेनासा होई आणि खूप वेळाने खालून आवाज येई.

"काका!" उत्कर्षा धावलीच. सुहासिनीबाईंनी तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरून तिला मागे ओढलं.

"थांब! तू उतरलीस तर हा सगळा मुरूम त्यांच्या पायाखाली जाईल."

"मग काय करायचं?"

"दिगंबरराव!" बाईंनी हाक मारली. "वर या. मूर्खपणा करू नका." ते चालतच राहिले. "अहो, ऐकू येत नाही का? वर या म्हणते मी!" नुसतं एकदा वळून पाहिलं त्यांनी, आणि त्या पाहण्यात ओळख नव्हती. बाई वाटेच्या कडेला वाकल्या. आवाज मऊ झाला. "दिगंबरराव, माझं ऐका ना. हात द्या."

मऊ आवाजाने उलटंच झालं. "हात लावायचा नाही!" ते ओरडले. "पाळी चुकेल माझी!" आणि तोल गेला. एक गुडघा टेकला, दोन्ही हातांनी मुरूम धरायला गेले आणि वीतभर घसरले.

उत्कर्षाने तोंडावर हात दाबला. "काकू, माझ्या बाबांचं असंच होतं," ती हाताआडून म्हणाली. "शुगर डाऊन झाली की. सेम असंच, घाम, आणि भलतंच बोलतात, अंगावर येतात. काकांना शुगर आहे?"

"मला काय माहीत?" सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनाच लागला. इतके रविवार. मला काय माहीत.

"गोड द्यायला पाहिजे. लगेच. झोप लागली, बेशुद्ध झाले, तर मग तोंडात काही घालता येत नाही." उत्कर्षाने पिशवीतून केशरी पाण्याची बाटली काढली. "हे आहे, एनर्जी ड्रिंक..." तिची नजर लेबलवर गेली. "शिट. शुगर-फ्री आहे."

"माझ्याकडे गूळ आहे. पण तो घेऊन त्यांच्यापर्यंत जायचं कसं? आधी त्यांना थांबवायला हवं."

दिगंबरराव पुन्हा उभे राहत होते. तोंड कड्याकडे.

सुहासिनीबाईंनी हाक मारली नाही. त्यांनी पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली, आणि नोकरी सुटल्यापासून न काढलेला आवाज काढला. कोरडा, सपाट, समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघताच निघणारा.

"पुढचे!"

दिगंबरराव थबकले आणि आवाजाकडे वळले.

"कोण आहे पुढचं? रांग अडवू नका."

"मी आहे," दिगंबरराव म्हणाले.

"नाव?"

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"राहणार?"

"धनकवडी."

"उभं राहून सांगू नका. बसा. खाली बसा. नंबर आल्याशिवाय उठायचं नाही."

आणि दिगंबरराव बसले. तिथेच, घसरत्या मुरमावर, ताठ, मांडीवर हात ठेवून, कचेरीतल्या बाकावर बसावं तसे.

"मागे झाड आहे. पाठ टेका त्याला."

ते बसल्याबसल्या मागे सरकले. पळसाला पाठ लागली. दोनचार फुलं डोक्यावर पडली, त्यांनी ती झटकली नाहीत.

बाईंनी पिशवीतून गूळ-दाण्यांचा डबा काढला, पदर खोचावा तसा शर्ट पँटमध्ये खोचला आणि बाजूने, दिगंबररावांच्या थेट वर न येता, उतारावर बसून घसरायला सुरुवात केली. टाच रोवायची, वजन टाकायचं, दुसरी टाच. हाताखालचे खडे तळवे सोलून काढत होते. बोलणं मात्र थांबवायचं नव्हतं.

"तक्रार काय आहे?"

"पाणी... पाणी येत नाही."

"कधीपासून?"

"हात," दिगंबरराव म्हणाले. "हात माझे नाहीत."

"बरं. हात. आणखी?"

"सगळं लांब गेलंय. तुमची खिडकी लांब गेलीय." त्यांचे डोळे मिटायला लागले.

"झोपायचं नाही इथे! ही काय धर्मशाळा आहे?" टाच सुटली. बाई हातभर खाली गेल्या, करवंदीच्या जाळीला पकडून थांबल्या, काटे तळव्यात गेले. "आणखी काय तक्रार? पटपट बोला, माझी जेवायची वेळ झालीय."

"गोळी घेतली. सकाळी."

"कसली गोळी?"

"साखरेची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाऊन घ्या."

"आणि खाल्लं नाहीत."

"संकष्टी आहे," दिगंबरराव म्हणाले आणि डोकं एका बाजूला कललं.

सुहासिनीबाई पोचल्या. एक पाय पळसाच्या बुंध्याला अडकवला, दुसरा नुसता हवेत लटकला आहे असं वाटत होतं, पण पाहायला वेळ नव्हता. गुळाचा खडा त्यांनी त्यांच्या ओठांशी नेला. दिगंबररावांनी तोंड घट्ट मिटलं आणि लहान मुलासारखी मान फिरवली.

"तक्रार नोंदवून हवी की नको?"

"हवी."

"मग ही पावती धरा. तोंडात. हात सहीला मोकळे लागतात."

त्यांनी क्षणभर विचार केला. तक्रारीच्या खिडकीवर आजवर त्यांना जे सांगितलं गेलं होतं, त्यामानाने हे काही फार विचित्र नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"चघळा. गिळा. दुसरी प्रत." आणखी एक खडा. "तिसरी कार्यालयाची." वरून उत्कर्षा काहीतरी बोलत होती, रडत होती बहुधा. बाईंना दिगंबररावांच्या जबड्याखेरीज काही दिसत नव्हतं. हलतोय. थांबला. पुन्हा हलतोय. हवेत लटकलेल्या पायाला गोळा आला. तो आला तसा त्यांनी येऊ दिला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन पळसाच्या शेंड्यावरून बुंध्यावर आलं होतं.

"बाई," दिगंबरराव म्हणाले. आवाज त्यांचा होता. "तुम्ही माझ्या अंगावर का बसलाय?"

सुहासिनीबाईंनी डोळे मिटले. मग उघडले. "हौस," त्या म्हणाल्या.

वर यायला मोठी कसरत झाली. उत्कर्षाने वाटेवरच्या खडकाला पाय लावून आपली ओढणी आणि बाईंच्या पिशवीतलं जाकीट एकत्र बांधून खाली सोडलं आणि दोघांना एकेक करून ओढून घेतलं. धारेवर पोचल्यावर तिघंही गवतात पडले. उत्कर्षाने उरलेला गूळ काकांच्या हातात कोंबला, मग दशमी, आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिली.

"कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"दिवाळीनंतर कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नियम कुणाचा?"

"नियम माझा. जीव कुणाचा?"

"वा!" दिगंबररावांच्या गालावर रंग यायला लागला होता. "विचारायची बंदी तुम्ही घालायची, आणि सांगितलं नाही म्हणून बोलायचं पण तुम्हीच! घरी सांगितलं नाही ते इथे सांगू?"

"घरी नाही सांगितलं?"

दिगंबरराव वाळक्या गवताची काडी मोडत राहिले. धनकवडीच्या घरात मुलगा वरद, सून, नात. सगळे एका छपराखाली.

"गोळ्या बुटांच्या खोक्यात ठेवतो," ते शेवटी म्हणाले. "वरदला कळलं तर तो मला गच्चीवरसुद्धा जाऊ देणार नाही. त्याची आई अशीच गेली, जिन्यावर पडून. तो घाबरट झालाय तेव्हापासून. माझे रविवार जातील, बाई."

सुहासिनीबाईंनी फोन काढला. धारेच्या पुण्याकडच्या अंगाला दोन कांड्या रेंज होती.

"नका करू," दिगंबरराव म्हणाले. टोमणा नव्हता, काही नव्हतं. नुसती विनंती. "यापुढे मी खाऊन येईन. शपथ."

बाईंना ती शपथ खरी वाटली. तोच तर घोळ होता. आज नाही सांगितलं, तर पुढचा रविवार मिळेल, त्याच्या पुढचाही मिळेल, आणि कधीतरी पुन्हा संकष्टी येईल किंवा तापच येईल, आणि तेव्हा शेजारी गूळ नसेल. आणि सांगितलं, तर हा माणूस घरात कोंडला जाईल आणि कोंडणारीला क्षमा करणार नाही. दोन्हींत त्याला गमावणं होतं. एकात तो जिवंत होता.

"तुम्ही करा," त्यांनी फोन पुढे केला. "तुम्ही नाही केलात तर मी करते. मी केला तर जास्त वाईट सांगेन, मला सवय आहे."

दिगंबररावांनी बराच वेळ फोन हातात धरला. मग नंबर लावला. "वरद," ते म्हणाले. "मी डोंगरावर आहे. पडलो नाही... म्हणजे पडलो असतो. ऐक. मला साखरेचा आजार आहे." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. दिगंबररावांची मान हळूहळू खाली गेली. "हो. हो. नाही सांगितलं. हो." मग त्यांनी बाईंकडे न बघता फोन परत दिला. "गाडी घेऊन खाली गावात येतोय. उतरायला सांगितलंय त्याने. लगेच. आणि म्हणाला, हे शेवटचं."

उतरायची वाट शिवापूरच्या अंगाला, एका घळीतून. दोन्ही बाजूंना धायटीची झुडपं लाल फुलांनी गच्च झाली होती. उत्कर्षा पुढे होती, तिने फोटो काढले नाहीत. शेवटी दिगंबरराव. सुहासिनीबाई त्यांच्या अगदी पुढे राहून उताराला तोंड करून चालत होत्या, म्हणजे घसरलेच तर आधी त्यांच्यावर येतील. दिगंबरराव त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हते. मोठ्या पायरीपाशी बाईंनी मागे हात केला, तो त्यांनी घेतला नाही. खडकाला धरून उतरले. पुढच्या पायरीलाही नाही.

त्याच्या पुढे घसारा लागला. वरून काही खडे सुटले आणि बाईंच्या टाचेशी येऊन थांबले. त्यांनी वळून पाहिलं. दिगंबरराव उभे होते, एक हात हवेत, कपाळावर पुन्हा ओल.

"चक्कर येतेय?"

"नाही."

बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी प्रश्न मागे घेतला नाही.

दिगंबररावांनी खाली गावाकडे पाहिलं, जिथे रस्त्यावर अजून कुठलीच गाडी दिसत नव्हती. मग बाईंकडे पाहिलं, रागानेच.

"थोडी," ते म्हणाले.

"उत्कर्षा, थांब गं!" सुहासिनीबाईंनी खाली हाक दिली आणि दिगंबररावांना बसायला दगड मोकळा करून त्या स्वतः घसाऱ्यावरच बसल्या. "बसा. थोडी म्हणजे किती, ते नीट सांगा."